उमेदवारी : परक्या शहरात शिकायला जाताना

(मार्केट यार्ड, पुणे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

हेच व्याख्यान पहाटे पाचला ठेवलं असतं, तर माझा एकही शब्द तुमच्यापर्यंत पोहोचला नसता. गाड्या मागे घेणाऱ्यांच्या आरोळ्या, हमालांची 'बाजूला, बाजूला', लिलावाचा कालवा. आता संध्याकाळी गाळे शांत झालेत, म्हणून माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला इथे बोलता येतंय.

आजचा विषय मी निवडलेला नाही. इथल्याच एका आडत्यांनी तो माझ्यावर टाकला. आमची ओळख जुनी, सकाळच्या फिरण्यातली. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "सर, नात टोकियोला जायचं म्हणतीये. सहा आठवडे. इंटर्नशिप. पगार नाही, उलट आपलेच पैसे घालायचे. फळांच्या घाऊक व्यापारात. आता मला सांगा, फळांचा व्यापार शिकायला टोकियोला कशाला जायचं? गाळा तर घरचाच आहे!" मी हसलो, पण उत्तर काही देता आलं नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला उत्तर आलं नाही की तो व्याख्यान देतो. (हशा)

पण हसण्यावारी न्यावा असा तो प्रश्न नव्हता, आणि त्याला एक वैयक्तिक कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वसतिगृहाचा रेक्टर होतो. पुरंदर भागातल्या शेतकरी कुटुंबातला एक मुलगा तिथे राहायचा, हुशार. त्याला सिंगापूरला एका कंपनीत उन्हाळ्यात दोन महिने काम शिकण्याची संधी आली. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. शिफारसपत्र मी लिहिलं, मोठ्या अभिमानानं लिहिलं. मुलगा जाऊन आला. दोन महिने त्याला एका खोलीत बसवून कागदांच्या छायाप्रती काढायला लावल्या होत्या. येताना रंगीत प्रमाणपत्र मिळालं. वडील मला भेटायला आले, तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी मुलाला विचारलं, "काय शिकलास रे?" मुलगा खाली मान घालून उभा राहिला. कर्ज पुढे दोन वर्षं फिटत होतं. त्या मुलाची मान मला आजही दिसते. शिफारस करताना मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. तो कोणता, हे मला फार उशिरा कळलं. आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नापर्यंत जाण्यासाठी आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'इंटर्नशिप' हा शब्द नवा, पण गोष्ट जुनी आहे आणि तिला आपल्याकडे सुंदर शब्द होता : उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. पण आपल्या आजोबांच्या बोलण्यात 'तो मामलेदार कचेरीत उमेदवारी करतो' याचा अर्थ वेगळा होता. बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर कारकुनाच्या शेजारी बसायचं, दप्तर बांधायचं, नकला करायच्या, आणि पाहून पाहून काम उचलायचं. 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर काम करणारा तो उमेदवार. यात पिळवणूकही होती, हे विसरू नका. आशेवर माणसाला किती दिवस राबवायचं, याला काही धरबंध नव्हता. म्हणजे छायाप्रतींची खोलीही तशी जुनीच आहे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या मराठीत 'मला पोहण्याविषयी माहिती आहे' आणि 'मला पोहता येतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माहिती असते, कौशल्य 'येतं'. गिल्बर्ट राइल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. त्यांनी १९४९ साली एका पुस्तकात हा फरक नीट मांडला. अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक गोष्ट कशी करायची ते येणं वेगळं. दुसरं हे पहिल्याची बेरीज नव्हे. हमालाचं उदाहरण घ्या. पोतं पाठीवर कसं घ्यायचं याचे वीस नियम मी लिहून काढीन आणि पाठही करीन. पण पोतं उचलायला गेलो, तर तुम्हाला आधी मला उचलावं लागेल. (हशा) गुळाची ढेप नखानं खरवडून, वास घेऊन भाव सांगणारा माणूस इथे बसलाय. त्याला विचारा, 'कसं ओळखलंस?' तो म्हणेल, 'कळतं.' ते 'कळतं' पुस्तकात येत नाही. त्याच्या शेजारी उभं राहिलं तरच येतं.

मायकेल पोलानी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, हंगेरीचे. पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. त्यांनी एक गोष्ट स्वतः पाहिलेली म्हणून सांगितली आहे. विजेच्या दिव्यांचे काचेचे फुगे करणारं एक नवं यंत्र हंगेरीत आणलं. हुबेहूब तसंच यंत्र जर्मनीत उत्तम चालत होतं. हंगेरीत मात्र वर्षभर त्यातून एकही निर्दोष फुगा निघाला नाही. यंत्र आलं होतं, ते चालवणाऱ्यांचा हात आला नव्हता.

काचेवरून मला आपलं तळेगाव आठवतं. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' चालवला. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभारायचा. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. १९०८ साली तळेगावला त्या पैशातून काच कारखाना निघाला. पण नुसत्या पैशानं भट्टी पेटत नाही. त्यासाठी ईश्वरदास वार्ष्णेय आले. ते उत्तरेकडचे, जपानला जाऊन काचकाम शिकून आलेले. तेव्हा रशियाला हरवलेल्या जपानकडे सगळा आशिया पाहत होता. आणि गंमत बघा, तो जपान स्वतः कालपरवाचा उमेदवार होता. १८७१ ते ७३ या काळात जपानच्या सरकारातली मोठी माणसं इवाकुरा यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका-युरोपातले कारखाने, शाळा, बँका पाहत हिंडली होती. वह्या भरून टिपणं केली होती. गुरू म्हणून ज्याच्याकडे जायचं, तोही कुणाच्या तरी शेजारी बसलेला असतो.

तळेगावचं खरं यश किती बरण्या निघाल्या त्यात नाही. तिथे हात बसलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले, त्यात आहे. एक माणूस जपानात शिकला आणि तळेगाव हीच उमेदवारीची जागा झाली.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्रातलं उदाहरण : धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं सांखवाळ. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. बुद्धाविषयी थोडं वाचनात आलं आणि ओढ लागली. १८९९च्या अखेरीस घर सोडलं. पुण्याला आले, संस्कृत शिकण्यासाठी काशीला गेले, तिथे अन्नछत्रात जेवले, नेपाळ पाहिलं, बुद्धगयेला गेले. पण बौद्ध धर्म जिवंत असलेल्या ठिकाणी गेल्याशिवाय तो समजणार नाही, हे त्यांनी ओळखलं. १९०२ साली ते कोलंबोला पोहोचले. तिथल्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

पाली ग्रंथ पुण्यात मागवता आले नसते का? आले असते. पण भिक्षू सूत्र कसं म्हणतो, अडलेल्या शब्दावर गुरू कुठे थांबतो, दिवस कसा आखलेला असतो, हे टपालानं येत नाही. कोसंबींना जे 'आलं' ते त्यामुळे. परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात काम मिळालं, पण आपल्या माणसांत हे ज्ञान रुजलं पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहावं अशा अटीवर सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. ते त्यांनी स्वीकारले आणि कलकत्ता सोडलं. १९१२ पासून सहा वर्षं त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक तिथे तयार झाले.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी होती, तान्ही मुलगी होती. शिकायला जाणाऱ्याची किंमत नेहमी मागे राहिलेलं माणूस भरतं. पुरंदरच्या त्या वडिलांनीही ती भरली. म्हणून 'संधी आहे, जा' असं सहज म्हणायला माझी जीभ आता धजत नाही.

मग ओळखायचं कसं? कोणती उमेदवारी खरी आणि कोणती छायाप्रतींची खोली? हलकं काम दिलं म्हणजे फसवलं, असं नाही. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली एका छोट्या पुस्तकात जगभरच्या उमेदवारांचा विचार केला. लायबेरियातले शिंपी शिकाऊ मुलाला आधी बटणं लावायला, काजं करायला देतात. मग शिलाई, आणि कापड बेतणं अगदी शेवटी. कपडा तयार होण्याच्या बरोबर उलटा क्रम. का? बटण लावताना पूर्ण कपडा हातात असतो. कपडा कसा जुळलाय ते दिसतं आणि चूक झाली तरी कापड वाया जात नाही. त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत मटण कापायला शिकणारी मुलं आहेत. त्यांना पॅकिंगच्या यंत्रावर उभं करत. मुरलेले कसबी जिथे कापत, ते तिथून दिसतच नसे. मुलं पॅकिंगमध्ये तरबेज झाली, कापायला शिकली नाहीत.

दोन्ही कामं हलकीच. फरक आहे तो बसण्याच्या जागेत. एका जागेवरून सगळा धंदा दिसतो, दुसऱ्या जागेवरून भिंत दिसते. तेव्हा मी त्या मुलाला विचारायला हवा होता तो प्रश्न हा : "तू कुणाच्या शेजारी बसणार?" कंपनी किती मोठी, शहर किती मोठं, प्रमाणपत्र कसं, हे सगळं नंतर.

आता टोकियोकडे जाऊ. ओटा नावाचा बाजार आहे, १९८९ साली सुरू झालेला. टोकियोच्या फळं, भाज्या, फुलांचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार. जुना मासळीबाजार त्सुकिजीहून २०१८ साली तोयोसूला हलवला. या बाजारांत पहाटे लिलाव होतो, तेव्हा खरेदीदार बोटांच्या खुणांनी भाव सांगतात. एका बोटाचं एक, दोनाचं दोन, अशी हातांची एक भाषाच आहे. लिलाव पुकारणारा ती क्षणात वाचतो.

तुमच्यातले म्हातारे आता हसतायत, मला दिसतंय. कारण बोटांचा भाव आपल्याकडेही होता, रुमालाखाली! हत्ता पद्धत. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघायचा. मग बाजार समितीचे कायदे आले, आपल्या राज्याचा १९६३चा, आणि उघड लिलावाचा नियम झाला. जपानलाही हे शहाणपण फुकट मिळालं नाही. १९१८ साली तांदळाच्या भावावरून तिथे दंगली उसळल्या आणि १९२३ साली मध्यवर्ती घाऊक बाजारांचा कायदा झाला.

बोटं तीच, भाव तोच. एकीकडे रुमाल आहे, दुसरीकडे नाही. हे मी तुम्हाला इथे बसून सांगू शकतो, ही झाली माहिती. पण तिथे आता बहुतेक भाजीपाला लिलावाशिवाय, आधी बोलणी करूनच विकला जातो. मग रुमाल पुन्हा आला का? की तिथला शेतकरी सहकारी संघातून विकतो, म्हणून त्याला भाव दिसतो? भाव पडला तर बोलणी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं? हे मला येत नाही. जो तिथे कुणाच्या शेजारी पहाटे उभा राहील त्यालाच ते येईल. आणि घरच्या गाळ्यावर वाढलेल्या मुलीला ते माझ्यापेक्षा शंभरपट लवकर दिसेल. फळांचा व्यापार शिकायला टोकियोला कशाला, या आजोबांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे : व्यापार शिकायला नाही, आपला रुमाल कुठे आहे ते पाहायला. घरातली वस्तू रोज पाहून दिसेनाशी होते. दुसऱ्याच्या घरी तीच वस्तू वेगळी ठेवलेली पाहिली, की आपली दिसते.

(श्रोत्यांतून त्या मुलीचा प्रश्न : "सर, पण कुणाच्या शेजारी बसवणार हे कंपनी आधी सांगत नाही. मग?")

विचार, बाळ. पत्र पाठवून विचार. 'माझं रोजचं काम कुणाबरोबर असेल? पहाटे बाजारात जाता येईल का?' एवढीच दोन वाक्यं. उत्तर आलं तर जा. उत्तर गोलमाल आलं तर आजोबांचे पैसे वाचव, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघ, त्यात काही कमीपणा नाही. जायच्या आधी महिनाभर आपल्याच गाळ्यावर पहाटे उभी राहा आणि वही ठेव. आपलं पाहिलेलं नसेल, तर तिकडचं कशाशी ताडून बघणार? थोडं जपानी शीक. या शहरात शिकवणारे पुष्कळ आहेत.

आणि परत आलीस की आजोबा विचारतील, 'काय शिकलीस?' तेव्हा प्रमाणपत्र दाखवू नकोस. त्यांना पहाटे गाळ्यावर घेऊन जा आणि काहीतरी करून दाखव. ते उभे आहेत, आणि तू त्यांना शिकवतेयस. कोसंबींनी फर्ग्युसनच्या वर्गात तेच केलं, तळेगावच्या भट्टीवर तेच झालं. आपल्या शेजारी कुणी बसायला आलं, की उमेदवारी संपली असं समजायचं.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक तास लागला. आडत्याच्या हिशोबानं हा माल महाग पडला, हे मान्य आहे. (हशा)