अंगावर पट्टे, गळ्यात पट्टा

मुलांनो, नकाशाचं पुस्तक घ्या आणि महाराष्ट्राचं पान उघडा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर सापडतं का बघा. बारीक अक्षरात असेल, नाहीतर नसेलही. आता बोट पश्चिमेकडे सरकवा. पैनगंगा नदी लागेल. तिच्या काठाकाठानं वर या, ईसापूरचं धरण ओलांडा, आमचा हिंगोली जिल्हा येईल, मग वाशीम आणि शेवटी बुलढाणा. बोटाला दहा सेकंद लागले ना? एका वाघाला हा प्रवास करायला काही महिने लागले आणि त्यात तो तब्बल १३०० किलोमीटर चालला! सरळ रस्ता त्याला कुणी सांगितला नव्हता. आधी तो तेलंगणातल्या आदिलाबादकडे जाऊन आला, पुष्कळदा पुढे गेला, पुन्हा मागे फिरला.

हे आपल्याला इतकं नेमकं कसं ठाऊक? तीच तर खरी गंमत आहे.

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका वाघिणीला तीन बछडे झाले. शास्त्रज्ञांचं बारसं मात्र आपल्यासारखं नसतं. ना पाळणा, ना घुगऱ्या! 'टी' म्हणजे टायगर, 'सी' म्हणजे कब, अर्थात बछडा. आई टी१, म्हणून मुलगा टी१-सी१. नर बछडा मोठा झाला की आईचं घर सोडतो. त्याला स्वतःचं राज्य हवं असतं. पण टिपेश्वरमध्ये जागा आधीच भरलेल्या. मग जायचं कुठं?

हेच समजून घ्यायचं होतं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला. डॉ. बिलाल हबीब आणि त्यांचे सहकारी विदर्भातल्या वाघांचा अभ्यास करत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये टी१-सी१ला बेशुद्ध करून त्याच्या गळ्यात पट्टा बांधला गेला. त्या पट्ट्यातलं यंत्र उपग्रहांच्या मदतीनं आपली जागा ठरवतं आणि ती उपग्रहामार्फतच संगणकावर पाठवतं. दर तासाला एक ठिपका. पावसाळा लागला तसा वाघ टिपेश्वरबाहेर पडला आणि नकाशावरचे ठिपके सरकू लागले.

आता एक गणित करा. नऊ महिने म्हणजे २७० दिवस धरा. दर तासाला एक ठिपका, तर एकूण किती? बरोबर, ६४८०. प्रत्यक्षात मिळाले पाच हजारांहून थोडे अधिक. बाकीचे कुठं गेले? पट्ट्याला उघडं आभाळ लागतं. दाट झाडी किंवा खोल ओढा आला की काही निरोप पोचतच नाहीत. मार्च २०२० पर्यंत वाघ सुमारे ३००० किलोमीटर चालला होता. त्याला २७० नं भागा. रोजचे अकरा किलोमीटर! म्हणून तर अधिकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर', चालणारा.

पण नुसत्या ठिपक्यांनी काम भागत नाही, बरं का. कुणीतरी ते ठिपके जोडावे लागतात आणि योग्य माणसाला योग्य वेळी फोन करावा लागतो. वाघाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, राज्याची तर नाहीच. आज तो एका वनविभागात, उद्या शेजारच्या. तिथले अधिकारी वेगळे, वनरक्षक वेगळे. प्रत्येकाला सांगायचं : तुमच्याकडे पाहुणा येतोय. बरेच ठिपके एकाच जागी गोळा झाले, तर समजायचं की तिथं त्यानं शिकार केली असावी. तो तिथून हलला की मग माणसं जाऊन हाडं, केस, विष्ठा बघतात. त्यावरून त्याचा आहार कळतो. वॉकरनं रानडुकरं मारली, गुरंही मारली. ज्याचा बैल गेला त्या शेतकऱ्याला 'नैसर्गिक आहार' या शब्दानं काही समाधान होत नाही. म्हणून पंचनामा वेळेवर होणं हादेखील या कामाचाच भाग मानला पाहिजे, असं मला वाटतं.

सगळ्यात अवघड प्रश्न तर पुढेच आहे. वाघ कुठं आहे हे कळलं, तर गावाला सांगायचं की नाही?

आमच्याकडे दिवाळीनंतरचं शिवार डोळ्यांपुढे आणा. सोयाबीन निघालेलं असतं. पण तूर डोक्याएवढी, पऱ्हाटी कमरेच्या वर. लाईट रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तुमच्यापैकी अनेकांचे वडील रात्रीच शेतात जातात. वॉकर चालायचा तोही बहुतेक रात्रीच, नदीनाल्यांच्या कडेनं, आणि दिवसा अशाच उंच पिकात दडून राहायचा. न सांगावं, तर माणूस बेसावध जातो. सांगावं, तर शंभर पोरं मोबाइल घेऊन फोटो काढायला धावतात! त्याच्या त्या प्रवासात असं घडलंही. तो झुडपात विसावला होता, तिथं सहा माणसं शिरली आणि त्यांतला एक जण जखमी झाला. वाघ त्याच्या मागे लागला नव्हता. माणसं त्याच्या अंथरुणापर्यंत गेली होती. माझ्या मते सांगावंच, पण नेमकी जागा नव्हे. 'या दिशेला आहे, रात्री एकटे जाऊ नका, सोबत उजेड ठेवा, बोलत चला', एवढं पुरे.

डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला वॉकर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि पुढे तिथंच रमला. नीलगाई होत्या, रानडुकरं होती, पाणी होतं. एकच गोष्ट नव्हती. वाघीण! ती आणून सोडावी का, यावर अधिकाऱ्यांमध्ये चर्चा झाली. पण अभयारण्य २०५ चौरस किलोमीटरचं आणि भोवती शेती. बछडे झाले, तर ते कुठं जाणार? एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातला पट्टा काढला गेला आणि ठिपके थांबले.

मग पट्टा नसलेले वाघ कसे ओळखायचे? त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. आपल्या बोटांचे ठसे जसे, तसे वाघाचे पट्टे; दोन वाघांचे कधी सारखे नसतात. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. प्राणी समोरून गेला की फोटो आपोआप निघतो. देशभरातल्या २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी फोटो काढले आणि त्यांत वाघांचे किती, तर फक्त ७६,६५१! बाकी सगळी गुरं, हरणं, डुकरं, माणसं आणि हलणारं गवत. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. पण राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही हे २००५ मध्ये उघड झालं, आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला.

टिपेश्वरची पोरं मात्र अजून घराबाहेर पडतातच. मार्च २०२१ मध्ये तिथलाच एक वाघ गौताळा अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात दिसला. त्या जंगलात १९४० नंतर प्रथमच वाघ आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला पोचला. तोही पट्ट्यांवरूनच ओळखू आला.

आता तुम्हाला बांधावरच्या चिखलात मोठं पाऊल दिसलं तर? आमच्या शाळेत दरवर्षी एखादा मुलगा तरी 'सर, वाघ!' म्हणत येतो. पुढच्या टोकाला नखं उमटलीत का ते आधी बघा. वाघ आणि बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात. कुत्रा, लांडगा आणि तरस यांची नखं उमटतात. नखं दिसली नाहीत, तर ठशावर डालं पालथं घाला, मोठ्या माणसांना बोलवा आणि वनरक्षकाला कळवा. ठशाच्या मागोमाग मात्र जाऊ नका.