गोल सावली दिसली म्हणजे कृष्णविवरच का?

10 एप्रिल 2019 रोजी एम87 दीर्घिकेच्या केंद्रातले तेजस्वी कडे आणि त्यामधली काळी सावली जगाने पाहिली. ‘कृष्णविवराचा पहिला फोटो’ म्हणून ते चित्र आपल्या मोबाइलवर फिरले. परळ-नायगावच्या अभ्यासिकांतली मुले ही माहिती एका ओळीत पाठ करतात. पण सावली हा पुरावा पुरेसा आहे का? हा प्रश्न इथून जवळच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तो फोटो येण्याआधीच तपासला होता.

मुद्दा सममितीचा आहे. चेंडू कुठूनही पाहा, सारखाच दिसतो. न फिरणारे कृष्णविवर असेच गोल. पण वस्तू पूर्ण गोल असेल, तर तिच्या बाहेरचे गुरुत्वाकर्षण फक्त एकूण वस्तुमानावर ठरते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तरी पृथ्वी त्याच कक्षेत फिरत राहील. म्हणजे सममिती आतले गुपित झाकते.

पंकज जोशी, दानिएले मालाफारिना आणि रमेश नारायण यांनी 2011 मध्ये गणिताने दाखवले, की कोसळणाऱ्या गोल ढगातून ‘नग्न सिंग्युलॅरिटी’ही तयार होऊ शकते. मध्यभागी अनंत घनता असते, पण प्रकाशाला अडवून धरणारे क्षितिज मात्र नसते. निसर्ग असे होऊच देत नाही, हा रॉजर पेनरोज यांचा 1969 चा अंदाज. पुढे त्यांना नोबेल मिळाले, तरी तो अंदाज अजून सिद्ध झालेला नाही. मोठ्या माणसाचा अंदाज हाही अंदाजच!

पुढे जोशी, नारायण आणि सहकाऱ्यांनी अशा वस्तूंची चित्रे गणिताने काढली. ढगाची सीमा तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या त्रिज्येच्या दीडपटीच्या आत असेल, तर प्रकाश भोवती घिरट्या घालतो आणि कृष्णविवरासारखीच सावली पडते. सीमा त्याबाहेर असेल, तर सावलीच नाही. पौर्णिमेच्या चंद्रासारखे भरलेले तेजस्वी चित्र दिसते.

खऱ्या वस्तू फिरतात, त्यामुळे सममिती फक्त अक्षाभोवती उरते आणि वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराची सावली एका बाजूने किंचित चपटते. एम87 च्या कड्याची गोलाई 10 टक्क्यांच्या आत पक्की निघाली. म्हणून एकट्या सावलीवर निकाल देता येत नाही. दुसरी खूण आत पडणाऱ्या तापलेल्या वायूत सापडू शकते: क्षितिज नसेल तर वायूची चकती अगदी केंद्रापर्यंत पोहोचू शकते आणि उच्च वारंवारतेत कितीतरी जास्त उजळते.