रिद्धपूरचा ‘द्ध’ आणि गोदो

‘रिद्धपूर’ हा शब्द गेमच्या पडद्यावर नीट उमटवणे कालपरवापर्यंत कटकटीचे होते. युनिकोडमध्ये आधी ‘र’ येतो, मग वेलांटी. दाखवताना ती अलीकडे आणावी लागते, ‘द’ आणि ‘ध’ जोडावे लागतात. गोदो या गेम इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीला ते जमत नव्हते. १ मार्च २०२३ ला चौथी आवृत्ती आली, तिच्यात हार्फबझ ही अक्षरजुळणीची मुक्त प्रणाली बसवली आणि देवनागरी मार्गी लागली.

इंजिन म्हणजे चित्रे हलवणारा, टक्कर ओळखणारा, आवाज वाजवणारा तयार सांगाडा. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी घडवलेले गोदो २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. नाव बेकेटच्या नाटकावरून. कोड कोणीही वाचावा, बदलावा, त्यावर गेम करून विकावा, रॉयल्टी नाही.

बाजारात मात्र युनिटी या खासगी मालकीच्या इंजिनाचा दबदबा होता. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने ठरावीक मर्यादेपुढच्या गेमवर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले, कमाल २० सेंट. आधीच विकल्या जात असलेल्या गेमही त्यातून सुटत नव्हत्या. घरमालकाने मुक्कामाच्या मध्येच करार बदलावा, तसे हे झाले. आठवड्याभरात ‘टेरारिया’ गेमवाल्या री-लॉजिकने गोदो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर आणि पुढे दरमहा हजार डॉलर जाहीर केले. ‘स्ले द स्पायर २’ करणारी मेगा क्रिट गोदोकडे वळली. वर्षभराने युनिटीने ते शुल्क रद्द केले.

अशा देणग्यांना दानधर्म म्हणू नये. स्वतः अनरिअल इंजिन चालवणाऱ्या एपिकने २०१९ मध्ये ब्लेंडर या मुक्त थ्रीडी प्रणालीला १२ लाख डॉलर दिले, २०२० मध्ये गोदोला अडीच लाख. पुण्यात स्टुडिओ असलेली गेम कंपनी युबिसॉफ्टही २०१९ मध्येच ब्लेंडरच्या विकासनिधीत सामील झाली. प्रत्येकाला आपल्या धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात नको आहे. हेतू स्वार्थी असेना का, तयार होणारा कोड आपल्यालाही तितकाच खुला असतो, आणि मला तेवढे पुरते.

किल्लीची गोष्ट रिद्धपूरला नवी नाही. तिथल्या महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बंद होते, वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उकलल्यावर ते बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याने गोदोच्या मराठीकरणाचे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. हे भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर चालते आणि तिथे कोणालाही हातभार लावता येतो.