विषाणूची छत्री उघडलीच नाही तर?

बंगळूरमध्ये व्हाइटफील्डहून सुटलेल्या जांभळ्या मार्गाच्या मेट्रोत कुणीतरी जोरात शिंकलं, समजा. फ्लूचा एखादा विषाणू तुमच्या नाकात शिरला. पुढे तो काय करतो, ठाऊक आहे?

त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. त्यांनी तो आपल्या पेशीला चिकटतो. पेशी बिचारी त्याला इवल्याशा पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीत आम्लता वाढत जाते, आणि विषाणू तिचीच वाट बघत असतो! आम्ल लागताच, बटण दाबल्यावर छत्री उघडावी तसा काटा खटकन उलगडतो, पिशवीच्या पडद्यात रुततो आणि विषाणूचा सगळा ऐवज पेशीत उतरतो.

आता खरी गंमत. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात प्रयोगशाळेत एक रसायन घडवलं, उमिफेनोविर. रशियात ते फ्लूवरचं औषध म्हणून आर्बिडॉल नावाने मिळतं, तोंडावाटे घ्यायचं. ते नेमकं कुठे काम करतं, हे शोधायला अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत रामेश्वर कदम आणि इयन विल्सन यांनी काटा आणि औषध यांचे एकत्र स्फटिक तयार केले. त्यांवर क्ष-किरण सोडले. २०१७ साली उत्तर जगापुढे आलं : औषधाचा रेणू काट्याच्या देठातल्या खाचेत घट्ट बसलेला! मग छत्री उघडणार कशी? एवढासा रेणू आणि केवढी ही करामत!

हे औषध शरीराला इंटरफेरॉन बनवायलाही लावतं, असं सांगतात. इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडलं. विषाणूने गाठलेली पेशी ते सोडते, आणि शेजारच्या पेशी सावध होऊन तयारीला लागतात. किती शहाणी व्यवस्था! पण औषधाच्या या दुसऱ्या कामाचा पुरावा मला खाचेतल्या रेणूइतका भक्कम वाटत नाही.

करोनाच्या साथीत लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने उमिफेनोविर बनवण्याची आपली रीत बसवली, ती गोव्याच्या मेडिझेस्ट कंपनीला दिली आणि रुग्णांवर चाचणीही घेतली. तरी करोनावरचा सर्वमान्य उपाय काही ते ठरलं नाही. फ्लूच्या काट्यात बसणारा रेणू दुसऱ्या विषाणूलाही तसाच अडवेल, असं नसतं ना!

कदम आणि विल्सन यांनी टिपलेली ती रचना प्रोटीन डेटा बँक या इंटरनेटवरच्या संग्रहात सगळ्यांसाठी फुकट ठेवलेली आहे. विज्ञानाच्या बाईंना सांगून शाळेच्या संगणकावर ती उघडा, गोल फिरवा आणि खाचेतला तो रेणू शोधून काढाच!