फुटलेल्या ताऱ्याची ओळख

मैत्रिणींनो, मृग, आर्द्रा ही नक्षत्रं आपल्याला पावसामुळे ठाऊक. पण आर्द्रा हा आकाशातला खराखुरा तारा आहे. थंडीत जिंतूरला गच्चीवर गेलं की मृगाजवळ तो लालसर तारा सहज दिसतो. तो एक दिवस फुटणार, असं शास्त्रज्ञ सांगतात. पण कदाचित लाखभर वर्षांनी. तेव्हा घाबरायचं कारण नाही!

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. आईबरोबर आलेल्या दहावीतल्या मुलीनं विचारलं, "काकू, तारा फुटल्यावर तो कोणता होता हे कसं ओळखतात?" बायका हसल्या. "पोरीच्या जातीला तारे कशाला?" त्या पोरीच्या घरी सध्या लग्नाच्या गोष्टी चालल्यात.

प्रश्न मात्र अगदी शास्त्रज्ञाचा होता. घरातलं माणूस गेल्यावर आपण जुना अल्बम काढतो ना, तसंच तेही करतात. स्फोट दिसला की त्या जागेचे आधी काढलेले फोटो शोधतात. तिथं एखादा तारा सापडला, तरी लगेच खात्री धरत नाहीत. स्फोटाचा उजेड ओसरायला काही वर्षं जाऊ देतात, मग पुन्हा बघतात. तारा जागेवर नसेल, तर फुटला तो तोच!

२३ फेब्रुवारी १९८७ ला असाच एक सुपरनोव्हा दिसला. फुटलेला तारा निकोलस सँडुलीक यांच्या यादीत आधीच नोंदलेला होता. तांबडे महाकाय तारेच असे फुटतात, असा समज होता. हा निघाला निळा. कुणीतरी निगुतीनं नोंद ठेवली, म्हणून हे कळलं.

आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. १९९३ मध्ये दिसलेल्या एका सुपरनोव्हाचा अभ्यास पूनम चंद्रा, अलक रे आदींनी तिच्या मदतीनं केला. ताऱ्यानं मरण्याआधी बाहेर टाकलेल्या वायूवर स्फोटाचा लोट आदळला की रेडिओ लहरी निघतात. त्यांवरून ताऱ्याच्या शेवटच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो.

मुलीला मी हे सगळं समजावलं. तिच्या आईला एवढंच म्हटलं, "ताई, अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहेच. पण असे प्रश्न पडणारी पोर घरात आहे, ते आधी ओळखा. तिला शिकू द्या."

आई अजून काही बोललेली नाही. मी पुन्हा जाणार आहे.