एसी लावून किती पळते?

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून छत्रपती संभाजीनगर साधारण 160 किलोमीटर, वाटेत अजिंठ्याचा घाट. आईला तपासणीला नेऊन संध्याकाळी परतायचं, इलेक्ट्रिक गाडी निवडताना हेच माझं मोजमाप. एमजी विंडसरची 38 किलोवॅट-तासांची बॅटरी कागदावर 332 किलोमीटर देते. टाटा नेक्सॉन ईव्हीची 45 किलोवॅट-तासांची 489, पण प्रत्यक्षात 350 ते 370 धरा, असं टाटाच सांगते. त्यात जळगावचा मे महिना: एसी बंद ठेवायची सोय नाही, आणि चढावर वीज जास्तच जाते.

शोरूममध्ये आई विंडसरच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसली ती उठेचना. जागा विंडसरमध्येच ऐसपैस. तरी मी नेक्सॉनकडे झुकतोय. कारण वाटेतला चार्जर बंद निघाला तर आईला उन्हात ताटकळत ठेवायचं नाही. टेस्ट ड्राइव्ह मात्र भर दुपारीच घ्या, घरची सगळी माणसं बसवून.