कर्जतचं घर जुलैसाठी सजवा

पनवेल–कर्जत लोकलची बातमी आली की चौक, मोहोपे, चिखले या नावांशेजारी घरांच्या जाहिराती उगवतात. वावर्ल्याच्या अडीच किलोमीटरहून लांब बोगद्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, अटल सेतूमुळे किती मिनिटं वाचतात हेही पाठ झालंय. त्यावर आणखी लिहीत नाही. ज्यांच्या हातात किल्ल्या पडल्यात, किंवा नेरळ, कर्जत, खोपोलीतलं वडिलांचं घर ज्यांनी दुरुस्तीला काढलंय, त्यांच्या पुढच्या खर्चाबद्दल बोलायचंय. कारण तो खर्च फार चुकीच्या जागी होतोय.

टू बीएचकेचं इंटिरिअर पॅकेज आता सगळीकडे सारखंच मिळतं. हॉलला फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे पॅनेलिंग, मॉड्युलर किचन, भिंतीला भिडलेला छतापर्यंतचा वॉर्डरोब आणि खाली सामान ठेवायचा हायड्रॉलिक पलंग. पुण्यात हे वर्षानुवर्षं टिकतं. कर्जतमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. वरच्या माथेरानला तर पाच हजारांच्या आसपास. जुलैत दिवसचे दिवस हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांखाली उतरत नाही. अशा हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसतं. तेच लाकूड एप्रिलच्या कोरड्या दुपारी सात-आठ टक्क्यांवर येतं. दरवर्षी फुगायचं आणि दरवर्षी आटायचं. बिजागरी सैल होते, ड्रॉवर अडतो, पल्ला वाकतो, त्याचं कारण हे. दोष दरवेळी सुताराचा नसतो.

कर्जत-खालापूर भागात सजावटीचा धडा घ्यायचा तर माझ्या मते एक जागा आवर्जून बघावी. दिवंगत कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ. लोक त्याला कर्जतचा म्हणतात, पण तो आहे खालापूर तालुक्यात, चौक रस्त्यावर. 'जोधा अकबर'चा महाल तिथेच उभा राहिला. मोठमोठे खांब, कमानी, जाळ्या, आणि हात लावला की कळतं, दगड कुठेच नाही. सेटची दुनिया लाकडी सांगाडा, प्लाय, पीओपी, फायबर आणि रंग यांवर उभी असते. देसाई त्या कलेत अव्वल होते, कारण सेट कोणासाठी बांधायचा हे त्यांना नेमकं माहीत होतं. कॅमेऱ्यासाठी, चित्रीकरण संपेपर्यंत. बाहेर उभ्या सेटला पावसाळा आला की डागडुजी आलीच, आणि ती हिशोबात धरलेली असते. आपल्या घरांत आज तेच साहित्य, तेच तंत्र शिरलंय, पण डागडुजीचा हिशोब कोणी मांडत नाही. बँकेचा हप्ता वीस वर्षांचा आणि पॅनेलिंगचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, हे गणित मला मान्य नाही.

मग प्लाय वापरायचंच नाही का? वापरायचं, पण बघून. सुतार ज्याला 'कमर्शियल' म्हणतो ते साधं एमआर ग्रेडचं प्लाय. त्यातला युरियाचा गोंद दमट हवेला कसाबसा तोंड देतो, पाण्याला नाही. हे प्लाय ज्या आयएस ३०३ मानकात बसतं, त्यातच बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, हा वरचा ग्रेड आहे. त्याच्याही वर आयएस ७१०, म्हणजे मरीन. मरीनचा नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी. प्लायवर आयएसआय शिक्का सक्तीचा करणारा केंद्राचा २०२३ चा आदेश २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला, त्यामुळे शिक्का आणि मानकाचा आकडा दोन्ही प्लायच्या शीटवर छापलेले बघायला मागा. कटिंग झाल्यावर विचारून उपयोग नाही. पार्टिकल बोर्ड मात्र या हवेत घरात आणूच नका. कडा एकदा फुगली की ती पुन्हा बसत नाही, आणि स्क्रू धरायला तिथे काही उरत नाही.

ग्रेडइतकंच महत्त्वाचं आहे ते कोणाला न दिसणारं काम. तयार कपाट ओढून त्याची पाठ बघा. समोर चकचकीत लॅमिनेट असतं. पाठीला, तळाला आणि भिंतीकडच्या कडेला कोरं प्लाय. पाणी तिथूनच शिरतं. पल्ल्याच्या एकाच बाजूला लॅमिनेट असेल तर दुसरी बाजू ओल पिते आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना लॅमिनेट, चारी कडांना पट्टी, पाठीला निदान प्रायमरचे दोन हात. कपाट जमिनीपासून चार इंच वर, स्टीलच्या किंवा पीव्हीसीच्या पायांवर. भिंतीपासून दीड-दोन इंच सुटं. बाहेरच्या भिंतीला, म्हणजे जिच्यावर पश्चिमेची झड येते तिला, कपाट लावायचंच नाही. आतल्या भिंतीला लावायचं. प्लॅनमध्ये ते कुठे दाखवलंय याला महत्त्व नाही.

स्वयंपाकघराबाबत माझं मत ठाम आहे: कडप्पा. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्यांचे कप्पे करून घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि मॉड्युलरच्या लाटेत ती नाहक मागे पडली. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, सिंकखालचा पाइप गळला तर फडक्याने पुसून काम भागतं. पल्ले हवेच असतील तर ॲल्युमिनियमच्या चौकटीतले लावा, ट्रॉल्या स्टेनलेस स्टीलच्या. भांड्यांना भिंतीवरची स्टीलची मांडणी. फोटोत ती जुनाट दिसते, पण वाटीतलं पाणी वाळतं आणि झुरळाला लपायला जागा राहत नाही.

रंगाचं वेळापत्रकही उलटं झालंय. रायगडात घरोघर गणपती, त्यामुळे श्रावण लागला की रंगारी शोधायची घाई. म्हणजे भिंत वर्षभरात सर्वांत जास्त ओली असते नेमकी तेव्हा आपण तिच्यावर पुट्टी आणि ॲक्रिलिक रंगाचा पडदा चढवतो. आतलं पाणी बाहेर पडू पाहतं आणि दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. गणपतीला मखराची भिंत तेवढी पुसून, हवं तर कापडाने सजवून घ्यावी. पूर्ण घराचा रंग डिसेंबर ते मार्च या काळात काढावा. गावातल्या जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीला तर चुनाच द्यावा. तो भिंतीतली वाफ अडवत नाही आणि त्यावर बुरशीही सहजी धरत नाही.

मोठे आर्किटेक्ट काय करतात हे बघायला लांब जायला नको. खोपोलीच्या काळ्या कातळावर 'स्पाझ्म' या संस्थेने बांधलेलं काँक्रीटचं घर वास्तुकलेच्या जगात गाजलं. काँक्रीट उघडंच ठेवलेलं, त्यामुळे रंग उडण्याचा प्रश्नच नाही. कर्जतला 'आर्किटेक्चर ब्रिओ'च्या रिपेरियन हाऊसच्या छपरावर हिरवळ लावलेली आहे आणि पडवीपुढे बांबूच्या काठ्यांचा पडदा. दोन्ही घरं श्रीमंतांची आहेत, पण त्यांतली युक्ती आपल्या आज्यांच्या घरातलीच आहे. पाऊस भिंतीला शिवायच्या आधी अडवायचा आणि हवा अडवायची नाही. पडवी, पुढे आलेली वळचण, उंच जोतं, माडीवरचे झरोके, सगळं त्यासाठीच होतं. आता बिल्डर छज्जा सहा-आठ इंचांचा देतो आणि त्याखाली स्लायडिंग खिडकी. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं आणि ते आत ओघळतं. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निघायला छिद्रं आहेत का आणि ती मातीने बुजलीत का, एवढं तपासलं तरी अर्धी तक्रार मिटते. उरलेल्या अर्ध्यासाठी सोसायटीची परवानगी काढून दोन-अडीच फुटांचं पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर खिडकीवर घ्या. ते फॉल्स सीलिंगपेक्षा स्वस्त पडेल. फॉल्स सीलिंग सर्वांत वरच्या मजल्यावर तर नकोच. स्लॅब गळते ती त्याच्या आड महिनोन्‌महिने कळत नाही, आणि कळते तेव्हा पीओपीचा तुकडा खाली आलेला असतो.

उन्हाळाही विसरून चालणार नाही. याच जिल्ह्यातल्या भिरा इथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती, आणि कर्जतही उकाड्यात फार मागे नसतं. बंगल्याच्या गच्चीवर जागोजागी दिसणारी पत्र्याची शेड अनेकांना कुरूप वाटते. मला ती इथल्या लोकांनी शोधलेली सर्वांत शहाणी दुरुस्ती वाटते. स्लॅबवर पाणी नाही, ऊन नाही, मधून वारा खेळतो, आणि जुलैत कपडे वाळत घालायला जागा मिळते.

वीकेंडपुरतं घर असणाऱ्यांची अडचण वेगळी. सोमवार ते शुक्रवार सगळं बंद, आत दमट हवा कोंडलेली. शनिवारी दार उघडताच जो वास येतो तो बुरशीचा. अशा घरात रेक्झिनचा सोफा, गालिचा, भिंतभर वॉलपेपर काहीच नको. वेताच्या किंवा लोखंडी चौकटीच्या खुर्च्या घ्या, वर सुट्या गाद्या आणि धुता येणारे सुती अभ्रे. निघताना कपाटांचे पल्ले उघडे ठेवा, गाद्या भिंतीला टेकून उभ्या करा. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या वरच्या झडपांना मच्छरदाणीची जाळी लावून त्या कायम उघड्या ठेवा. डांबरगोळ्यांनी कीड जाते, ओल जात नाही. कपाटात वाडग्यात कळीचा चुना ठेवला तर तो ओल खेचतो, फक्त मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा आणि फुटून त्याचं पीठ झालं की बदला.

उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठी घर असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ चे जुलै गावात कोणालाही विचारा. पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या खुणेच्या वर प्लगची बटणं, इन्व्हर्टर आणि कागदपत्रांचं कपाट. त्या खुणेच्या खाली फक्त दगड, फरशी आणि उचलून नेता येईल असं सामान.

नवा फ्लॅट घेणाऱ्यांना एक काम मी सगळ्यात आधी करायला सांगेन. ताबा मिळाला की पहिला पावसाळा घर रिकामं राहू द्या. राहायला गेलात तरी पलंग, टेबल, मांडणी एवढ्यावर भागवा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक भिंत, खिडकीचा कोपरा, न्हाणीघराची मागची बाजू बघा, ओल दिसेल तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, फोटो काढा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण ओल पॅनेलिंगच्या आड गेली की ती तुमच्या सुताराने ठोकलेल्या खिळ्यांमुळे आली की मूळचीच होती, यावर वाद सुरू होतो. म्हणून आधी लेखी तक्रार, पोच घ्यायची, दुरुस्ती करून घ्यायची, आणि भिंती वाळल्या की नोव्हेंबरात सुताराला बोलवायचं.